लॅपटॉप रुसलाय की आजारी आहे?

कुकरची शिट्टी नीट होत नसेल तर आपल्याला बाहेरच्या खोलीत बसूनही कळतं. मिक्सरचा आवाज बदलला, की भांड्याचं पातं सैल झालंय की मोटरच जळायला आलीय, हे आपण हात न लावता सांगतो. फ्रीज जास्त वेळ घरघरायला लागला, की आधी दाराचं रबर तपासतो आणि मगच मेकॅनिकला फोन लावतो. घरातल्या यंत्रांच्या कुरबुरी ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण एका यंत्रापुढे ही सगळी हुशारी एकदम गप्प होते. ते म्हणजे लॅपटॉप.

लॅपटॉप हळू चालायला लागला की आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द असतो, 'हँग होतोय'. सुरू व्हायला दहा मिनिटं लागली तरी हँग, फोटो उघडेना तरी हँग, आतून टकटक आवाज आला तरी हँगच! ताप, खोकला, पोटदुखी आणि छातीत कळ या सगळ्याला 'बरं नाही' म्हणावं, तसलाच हा प्रकार. मग ही 'बरं नाही'ची तक्रार नवऱ्याकडे किंवा मुलाकडे जाते. तिथून उत्तर येतं, 'तू काहीतरी दाबलं असशील.' संपला विषय.

मला वाटतं, हा विषय इथे संपता कामा नये. रुसलेला लॅपटॉप आणि आजारी लॅपटॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरून दोघंही सारखेच हळू दिसतात, पण त्यांचे उपाय मात्र अगदी उलटे आहेत. रुसलेल्याची साफसफाई करायची असते. आजारी असलेल्याला साफसफाईसाठी हातसुद्धा लावायचा नसतो, आधी त्याच्या पोटातलं सामान सुखरूप बाहेर काढायचं असतं. आणि हा फरक सगळ्यात आधी कळू शकतो तो रोज त्यावर काम करणाऱ्या बाईलाच.

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉप कुठे आमचा? बरोबर आहे. आपल्याकडे बाईच्या वाट्याला लॅपटॉप येतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या हातानं. मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेला, किंवा २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईनं आणलेला. मुलांना नवा मिळाला की जुना घरात राहतो. मग त्यावर कुणी बचत गटाचा हिशेब ठेवते, कुणी शिकवणीच्या प्रश्नपत्रिका काढते, कुणी ब्लाउजच्या डिझाइनचे फोटो साठवते, कुणी दिवाळी फराळाच्या ऑर्डरींची यादी. मोबाइल भरला की लग्नाबारशाचे फोटोही त्यातच ओतले जातात. म्हणजे घरातलं सगळ्यात थकलेलं यंत्र आणि त्याच्या पोटात घरातला सगळ्यात मोलाचा ऐवज! आणि गंमत म्हणजे या ऐवजाची किंमत घरात फक्त तिलाच ठाऊक असते.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंची गोष्ट सांगते. तालुक्याच्या गावी राहतात, गटाचा हिशेब त्यांच्याकडे. दोन महिने त्यांचा लॅपटॉप कुरकुरत होता. मधेच थिजायचा, एखादी फाइल उघडायला नकार द्यायचा. आतून बारीक 'टक... टक' ऐकू यायचं. त्यांनी घरात सांगितलं. 'जुना झालाय, चालायचंच,' असं म्हणून सगळे मोकळे झाले. शेवटी एकदा सुरूच होईना, तेव्हा दीर तो दुकानात देऊन आले. दुकानातल्या पोरानं विचारलं, 'विंडोज मारून देऊ का?' दीर म्हणाले, 'दे.' त्यानं दिलं. लॅपटॉप आठवडाभर पळालाही छान! पण गटाचं चार वर्षांचं कर्जाचं खातं गेलं आणि त्यांच्या गेलेल्या आईचा आवाज होता ते तीन व्हिडिओही गेले. गटाचं खातं बायकांनी आपापल्या पासबुकांवरून, भांडत-तंडत, कसंबसं पुन्हा उभं केलं. आईचा आवाज कुठून आणणार?

यात दोष कुणाचा? दीर बिचारे मदतच करत होते. दुकानातल्या पोरानं सांगितलं तेवढं केलं. पण 'आत काय आहे?' हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नाही. आणि जिला उत्तर माहीत होतं ती त्या वेळी दुकानात नव्हती, घरी पोळ्या लाटत होती. माझा राग आहे तो या व्यवस्थेवर. वापरणारी एक, ठरवणारा दुसरा, दुरुस्त करणारा तिसरा. एवढ्या हातांतून निरोप जाईपर्यंत 'टकटक' चं 'हँग' होतं आणि 'हँग' चं 'फॉरमॅट'.

म्हणून आता थोडं आत डोकावू. घाबरू नका, अवघड काही नाही.

लॅपटॉपमध्ये जिथे सगळं साठवलं जातं ती हार्ड डिस्क. जुन्या लॅपटॉपमध्ये ही म्हणजे खरोखरच्या फिरत्या चकत्या असतात, गुळगुळीत, आरशासारख्या. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेऱ्या मारतात, म्हणजे सेकंदाला ९०! त्यांच्यावरून एक बारीक दांडी पुढेमागे फिरत असते. तिच्या टोकाला वाचणारी आणि लिहिणारी टोपी असते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची पिन आठवा. फरक इतकाच, की ही टोपी चकतीला टेकत नाही. ती चकतीवर तरंगते आणि दोघींमधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असतं. १९५६मध्ये आयबीएम कंपनीनं पहिली अशी डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच रुंदीच्या ५० चकत्या होत्या आणि एवढं करून मावायचं जेमतेम ५ एमबी. आजच्या मोबाइलमधले एक-दोन फोटो! आता तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखपट मावतं. पण तत्त्व तेच राहिलं, फिरती चकती आणि तरंगती टोपी.

आता विचार करा, सेकंदाला नव्वद फेऱ्या मारणाऱ्या चकतीवर टोपी तरंगत असताना आपण लॅपटॉप एका हातानं कोपऱ्याला धरून ओट्यावरून पलंगावर नेतो. किंवा झाकण मिटून, पूर्ण बंद न करता, स्कूटरच्या डिकीत टाकतो. खड्डा आला, टोपी चकतीला घासली, की तेवढी जागा कायमची खराब. त्या जागेवर गटाचा हिशेब असेल तर हिशेब गेला. शिवाय जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली असते आणि तो सरळ चार्जरवर चालतो. लाइट गेली की लिहिता लिहिता मधेच बंद. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा हा धक्काही त्याला वारंवार बसतो.

डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की लॅपटॉप ती वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एकदा, दोनदा, दहादा. तेवढा वेळ सगळं थिजतं. आपल्याला वाटतं, हळू झाला. खरं म्हणजे तो आत झुंजत असतो. पुसट झालेली पोथी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या आजीसारखा.

पण प्रत्येक हळू लॅपटॉप असा झुंजत नसतो, हेही तितकंच खरं. बहुतेक वेळा तो नुसता रुसलेला असतो आणि त्याची कारणं साधी असतात. डिस्क काठोकाठ भरलेली असते, पाय ठेवायला जागा नसलेल्या माळ्यासारखी. सुरू होतानाच पंधरा प्रोग्रॅम एकदम जागे होतात. इंटरनेटच्या वीस खिडक्या एका वेळी उघड्या असतात. रॅम चारच जीबी असते. किंवा पंख्यात धुळीची गादी साचलेली असते आणि आपण लॅपटॉप गादीवरच ठेवून काम करतो, त्यामुळे खालून हवा जात नाही. तो तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. यातलं काहीही जिवावरचं नाही.

ओळखायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. छोटी दिसली तर 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतील. मेमरी नव्वदच्या वर असेल तर एका वेळी फार कामं चालू आहेत, खिडक्या बंद करा. त्याच ठिकाणी 'स्टार्टअप' मध्ये सुरुवातीलाच जागे होणारे प्रोग्रॅम दिसतात, नको ते तिथून थांबवता येतात. पण डिस्कचा रकाना सतत शंभर टक्के दाखवत असेल तर जरा थांबा. अपडेट चालू असताना तो काही वेळ शंभरला जातो, ते ठीक. तुम्ही काहीच करत नसताना, तासन् तास, रोज शंभर दाखवत असेल आणि प्रत्यक्षात फाइल एकही हलत नसेल, तर शंका घ्या.

मग आजाराची लक्षणं बघा. ठरावीक तालात टकटक किंवा करकर आवाज येतो. एखादं फोल्डर उघडताना दर वेळी तिथेच थिजतो, बाकी ठिकाणी नाही. काल उघडणारा फोटो आज अर्धाच दिसतो, खाली करड्या पट्ट्या. फाइलींची नावं विचित्र होतात. सुरू होताना दर वेळी आपण होऊनच डिस्क तपासायला बसतो. आणि शेवटचं, कधी सुरू होतो, कधी म्हणतो डिस्कच सापडत नाही. यातलं एक जरी दिसलं, तरी तो रुसवा नाही.

डिस्कला स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवायची सोय असते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती नोंद वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. निळा रंग दिसला तर ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे धोका. दुकानदाराला 'जरा डिस्कची हेल्थ दाखवा' म्हटलं तर दोन मिनिटांत दाखवेल. पण निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका बरं का! २००७ साली गूगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी त्या नोंदीतल्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडायची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. म्हणजे इशारा मिळाला तर नशीब समजायचं आणि त्याच दिवशी हलायचं. मिळाला नाही म्हणून मात्र विसंबायचं नाही.

'पण आमच्यात एसएसडी आहे,' असं कुणी म्हणेल. नव्या लॅपटॉपमध्ये हीच असते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे धक्के सोसते आणि वेगानं चालते. पण तीही अमर नाही. आणि ती टकटकसुद्धा करत नाही, अनेकदा न सांगतासवरता जाते. तेव्हा पुढचं सांगणं तिलाही लागू.

आता मुद्द्याचं. आजाराची शंका आली की पहिलं काम दुरुस्ती नव्हे. पहिलं काम प्रत काढणं. घरात पुराचं पाणी शिरायला लागलं तर आपण आधी फरशी पुसत नाही, कागदपत्रं माळ्यावर टाकतो. इथेही तेच. व्हायरसची संपूर्ण तपासणी, डीफ्रॅग, डिस्क दुरुस्त करायच्या आज्ञा, 'क्लीनर' वगैरे वगैरे काही म्हणता काही चालवू नका. या सगळ्यांत डिस्कला कोपरा न् कोपरा फिरावं लागतं आणि थकलेली डिस्क त्यातच मान टाकते. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावा आणि सगळ्यात मोलाचं सगळ्यात आधी काढा. 'सगळंच एकदम कॉपी' हा मोह टाळा. एक फोल्डर अडलं तर ते सोडून पुढच्याकडे जा. आणि आवाज जोरात येत असेल, तर तेही नको. लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा सुरू करून बघू नका. दर वेळी सुरू करताना टोपी चकती खरवडत असते.

मोलाचं कोणतं, हे मात्र आधीच ठरवून ठेवा. आपण घाबरलो की आधी सातबारा आणि मार्कशीट वाचवायला धावतो. पण सातबारा आता ऑनलाइन पुन्हा काढता येतो. आधार पुन्हा मिळतं, बऱ्याच मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळतात. सिनेमे आणि गाणी तर सोडूनच द्या. पुन्हा कुठेच मिळत नाही ते आपण स्वतः तयार केलेलं. गटाचा हिशेब, तुमच्या गिऱ्हाइकांची मापं, शिकवणीच्या नोट्स, बाळाचं पहिलं पाऊल, गेलेल्या माणसाचा आवाज. ही यादी घरातल्या पुरुषाला करता येणार नाही. ती तुम्हालाच येईल. म्हणून तर म्हणते, हा विषय तुमचा आहे.

त्यानंतर दुकान. आणि दुकानात शक्यतो स्वतः जा. आपल्या गावातले दुरुस्तीवाले बहुतेक भले असतात, कमी पैशात नड भागवतात. पण ते मनकवडे नसतात. त्यांना स्पष्ट सांगा, 'आतला डेटा मला हवा आहे. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.' हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. विचारा, डिस्क खराब आहे की फक्त विंडोज? हेल्थ कुठे पाहिली, मला दाखवा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून आधी प्रत काढता येईल का? आणि डिस्क बदललीत तर जुनी मला परत द्या. ती जुनी डिस्क म्हणजे भंगार नव्हे, तुमच्या घराचं कपाट आहे ते. आणखी एक. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज आपोआप डिस्कला कुलूप घालतं, बिटलॉकर म्हणतात त्याला. त्याची लांबलचक किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा, नाही तर धडधाकट डिस्कसुद्धा दुसऱ्या मशीनवर उघडायची नाही.

डिस्क स्वतः उघडून बघायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. धुळीचा एक कण तिला पुरतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही कुणीतरी देईल, तो ऐकू नका. बाहेर काढली की आत बाष्प धरतं. खरोखर मोलाचं अडकलं असेल तर धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून डेटा काढणारे लोक मोठ्या शहरांत असतात. खर्च हजारांत जातो आणि खात्री नसते. पण तो खर्च करायचा की नाही, हे ठरवायची संधी तरी हातात राहायला हवी. फॉरमॅट करून वर नवं विंडोज चढवलं, की ती संधी बरीचशी गेलीच म्हणायची.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. लॅपटॉप दुकानात ठेवतो तेव्हा आपले, आपल्या लेकीसुनांचे फोटो परक्याच्या टेबलावर ठेवतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२मध्ये मुद्दाम काही लॅपटॉप दुरुस्तीला दिले आणि आत काय उघडलं गेलं याची नोंद ठेवली. काम साधं होतं, त्यासाठी खासगी फाइली उघडायची गरजच नव्हती. तरी काही दुकानांत त्या उघडल्या गेल्या, काहींनी तर स्वतःकडे उतरवूनही घेतल्या. आणि हे बाईच्या लॅपटॉपच्या बाबतीत जास्त घडलं. कॅनडात हे घडत असेल तर आपल्याकडे सगळे संतच बसलेत असं समजायचं कारण नाही. यावरचा उपाय घाबरून घरी बसणं हा नाही. समोर बसून काम करून घ्या. शक्य असेल तर खासगी फोटो आधी काढून घ्या. पासवर्ड दिलाच असेल तर घरी आल्या आल्या बदला.

दुसरा धोका घरबसल्या येतो. लॅपटॉप हळू झाला की पडद्यावर एकदम लाल खिडकी उघडते, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.' असल्या खिडकीतल्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही. पलीकडचा गोड बोलून लॅपटॉपचा ताबा घेतो आणि मग बँकेचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

आणि नवा लॅपटॉप? घाई करू नका. डिस्क गेली म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली, की पाच-सात वर्षांचा लॅपटॉपसुद्धा ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. खर्च नव्या लॅपटॉपच्या मानानं थोडा. दर वरखाली होत असतात, म्हणून दोन दुकानांत विचारा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवली आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर अधिकृतपणे चढत नाही. तेव्हा डिस्कवर खर्च करण्याआधी 'यावर विंडोज ११ चालेल का?' हे विचारून घ्या. नाही म्हटलं तर हिशेब वेगळा. जुना लॅपटॉप लिहिण्या-वाचण्याला ठेवता येईल, बँकेचे व्यवहार मात्र त्यावर नकोत.

मला ठाऊक आहे, काही जणी म्हणतील, 'एवढं सगळं आम्ही कधी शिकायचं? मुलगा पुण्याला आहे, तो फोनवरून बघतो.' बघू दे की! मुलगा हुशारच असतो. पण पुण्यात बसून त्याला इथली टकटक ऐकू येत नाही. कोणतं फोल्डर अडतं, कधीपासून अडतं, हे तुम्हीच त्याला सांगणार. डॉक्टर कितीही मोठा असला तरी लेकराला रात्री ताप कधी चढला हे आईलाच विचारतो. आणि शिकण्याचं म्हणाल तर आपल्यातल्या कितीजणींनी संसार सांभाळत एमएस-सीआयटी केलं, प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीला लावली! त्या प्रमाणपत्राला आता जरा खाली उतरवू या.

शेवटी सवयीचं. एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यातच जमा. जाणकारांचा साधा नियम आहे, तीन प्रती, त्या दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक माहेरी किंवा बहिणीकडे. घराबाहेर का, हे २०१९चा पूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या आणि २०२१चा पाहिलेल्या चिपळूणच्या बायकांना सांगायला नको. कपाटातला लॅपटॉप आणि त्याच कपाटातली डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जातात. तिसरी प्रत इंटरनेटवरही ठेवता येते. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, पण त्यातच तुमची ईमेल आणि फोटोही मोजले जातात. हिशेबाच्या फाइलींना ती भरपूर होते. आणि पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं भिस्त ठेवू नका, तो ने-आण करायला ठीक.

२०११पासून जगात ३१ मार्च हा 'बॅकअप दिन' म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी गटाचं, दुकानाचं, सोसायटीचं वर्ष संपतं. वह्या बंद होतात, बेरजा जुळवल्या जातात, सह्या होतात. त्या सह्यांच्या शेजारी एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? 'हिशेबाची प्रत काढली, अमुकच्या घरी ठेवली.' खाली दोघींच्या सह्या. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा आणि ३१ मार्चची वाट न बघता पहिली प्रत त्याच आठवड्यात काढा.